सीक्रेट लाइफ ऑफ बीज, द

अमेरिकन लेखिका स्यू मंक किड (जन्म १९४८) यांची पहिली कादंबरी (२००२). बापाच्या छळातून सुटू पाहणारी गोरी मुलगी आणि वर्णद्वेषाचा मार खाल्लेली कृष्णवर्णीय स्त्री यांच्या पलायनाची ही कथा आहे. ती प्रौढांसाठी लिहिली गेली. पण निवेदिका चौदा वर्षांची असल्याने किशोर वाचकांनी ती आपलीशी केली.

कथानक : काळ १९६४ च्या उन्हाळ्याचा, स्थळ दक्षिण कॅरोलायना. लिली ओवेन्स चार वर्षांची असताना आई गोळी लागून गेली. गोळी आपल्याच हातून सुटली, हा सल तिला पोखरतो. पीचची बाग असलेला बाप टी. रे शिक्षा म्हणून तिला मक्याच्या भरड्यावर गुडघे टेकून बसवतो. २ जुलैला नागरी हक्क कायद्यावर स्वाक्षरी होते. लिलीला सांभाळणारी रोझलीन मतदार नोंदणीसाठी निघते. वाटेत डिवचणाऱ्या गोऱ्यांच्या बुटांवर ती तंबाखूची पिंक ओतते. मार तिलाच बसतो आणि अटकही तिलाच होते. उपचारांसाठी ठेवलेल्या रुग्णालयातून लिली तिला पळवते. आईच्या वस्तूंतील कृष्णवर्णी मेरीच्या चित्रामागे टिब्युरॉन हे गावाचे नाव असते. तिथे ऑगस्ट, जून आणि मे या मधमाश्या पाळणाऱ्या कृष्णवर्णीय बहिणी दोघींना आसरा देतात.

विशेष : किड यांच्या बालपणीच्या घरात एका खोलीच्या भिंतीत मधमाश्या राहत आणि फटींतून मध पाझरे. त्या आठवणीतून कादंबरी फुलली. मधमाशीपेटी आणि राणीमाशी ही इथे आईविना वाढलेल्या मुलीला मिळालेल्या मायेची रूपके होतात. दोन्ही पलायने मात्र सारखी नाहीत. लिलीचे भय घरात आहे, रोझलीनचे रस्त्यावर आणि तुरुंगातही. कायदा झाला तरी त्याचा आधार तिच्यापर्यंत पोहोचत नाही. कृष्णवर्णीय स्त्रियांचे दुःख गोऱ्या मुलीच्या जडणघडणीपुरते उरते, असा आक्षेप घेतला गेला आणि तो रास्त आहे. तरीही, स्वतः असुरक्षित असलेल्यांनीच दुसऱ्याला छप्पर द्यावे, हे या कादंबरीचे खरे मोल. शेवटी टी. रे लिलीला न्यायला येतो, तेव्हा ऑगस्ट आणि तिच्या मैत्रिणी लिलीच्या पाठीशी उभ्या राहतात. रोझलीनही अखेर मतदार म्हणून नाव नोंदवते.

रूपांतरे : चित्रपट (२००८, दिग्दर्शन जीना प्रिन्स-बायथवुड, प्रमुख भूमिका डकोटा फॅनिंग, क्वीन लतिफा) आणि संगीतिका (२०१९, संहिता लिन नॉटेज, संगीत डंकन शीक).