शंकेचा फायदा माशाला

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत सणासुदीला 'बाकाल्याव' म्हणजे खारवून सुकवलेला कॉड मासा आवडीने खातात. हा मासा आपल्या समुद्रातला नव्हे. पोर्तुगीज दर्यावर्दी शेकडो वर्षे तो अटलांटिकपार, न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्स या उथळ समुद्रातून आणत. त्या माशाची पुढे काय गत झाली, हे मासळीशिवाय घास न उतरणाऱ्या आम्हा गोंयकारांनी जाणून घ्यावे, असे मला वाटते.

१४९७ साली जॉन कॅबट तिकडे पोहोचला. त्यानंतर, पाण्यात टोपली सोडली तरी मासे भरून येतात, अशी वर्णने युरोपभर पसरली. १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात थॉमस हक्स्लेसारख्या थोर शास्त्रज्ञाने कॉडचा साठा संपणारा नाही, असे ठासून सांगितले. पण पुढे प्रचंड ट्रॉलर आले आणि १९६८ साली एकट्या त्या भागातून ८ लाख टनांहून अधिक कॉड उपसला गेला.

१९७७ साली कॅनडाने २०० सागरी मैलांची हद्द आखून परदेशी जहाजांना आवर घातला. आता आपले शास्त्रज्ञ मोजतील आणि आपण बेताने मारू, अशी सर्वांची समजूत होती. पण समुद्रातले मासे मोजायचे कसे? ट्रॉलरना भरपूर मासे मिळतात, म्हणजे साठाही भरपूर, असा हिशेब त्यात शिरला. प्रत्यक्षात उरलेला कॉड थोड्या जागी गोळा होत होता आणि यंत्रांच्या मदतीने ट्रॉलर त्याला नेमके गाठत होते. किनाऱ्याजवळचे छोटे मच्छीमार मात्र सांगत होते की मासा कमी झाला, लहान झाला. त्यांचे कोणी ऐकले नाही.

१९८९ साली शास्त्रज्ञांनी आपले अंदाज सुधारले आणि १ लाख २५ हजार टनांवर थांबा, असे सुचवले. सरकारने २ लाख ३५ हजार टनांची परवानगी दिली. शेवटी २ जुलै १९९२ रोजी मासेमारीच बंद करावी लागली. सुमारे ३० हजार माणसांचा रोजगार गेला. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली ती बंदी उठायला २०२४ साल उजाडले.

१९९५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मत्स्यसाठा करारात सावधगिरीचे तत्त्व आले. माहिती अपुरी आहे, ही सबब सांगून संरक्षणाचे उपाय लांबणीवर टाकता येणार नाहीत, असे तो करार सांगतो. भारत २००३ साली त्यात सामील झाला.

आमच्या रांपणकारांनी हेच गाऱ्हाणे १९७० च्या दशकात मांडले होते. त्यातून १९८० चा सागरी मासेमारी कायदा आला. आज जून-जुलैचे ६१ दिवस ट्रॉलर धक्क्याला लागतात. काहींना ही बंदी जाचक वाटते, आणि हातावर पोट असलेल्या खलाशाचे हाल मी नाकारत नाही. पण शंका असेल तेव्हा तिचा फायदा माशाला द्यावा. मासा वाचला तर उद्या मारता येईल. संपला तर बत्तीस वर्षे वाट पाहण्याची ताकद आपल्यात आहे का, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.