पावतीवर काय लिहिलंय? कॅथलिक शाळा, कुटुंबं आणि आपल्याकडचं ‘कॉन्व्हेंट’

तिवस्यात एखाद्याला सहज विचारा, पोरगी कितवीत आहे? ‘कॉन्व्हेंटमध्ये आहे’ असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ एवढाच, की पोरगी तीन-चार वर्षांची आहे, पहिलीत गेलेली नाही आणि गळ्यात टाय लावून ऑटोने शाळेत जाते. शाळेच्या नावात सरस्वती असेल, एखाद्या संताचं नाव असेल, नाहीतर संस्थापकांच्या आईचं. सिस्टर तिथे एकही नसते, आसपास चर्च नसतं, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नाही. अमरावती-अकोल्याकडे हा शब्द इंग्रजी बालवाडीसाठी इतका रुळलाय की मूळ कॉन्व्हेंट म्हणजे ननांचा मठ, हे सांगितलं तर लोक हसतात.

आजची पोस्ट या शब्दावर नाही, पण शब्द इथे उपयोगी पडतो. पेट पास होऊन विषय शोधणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या वहीत ‘विदर्भातील ख्रिस्ती मिशनरी शाळांचे शैक्षणिक योगदान’ असं एक शीर्षक असतंच. माझा सल्ला सरळ आहे: ‘योगदान’ हा शब्द खोडा. त्यात उत्तर आधीच ठरलेलं असतं, तुम्ही फक्त उदाहरणं गोळा करत बसता. त्याऐवजी एक साधा, थोडा हिशेबी प्रश्न विचारा. शाळा चालते कशावर? पैसे कोण देतं, ते कोणत्या नावाने दिले जातात, आणि ज्या घरातून ते येतात त्या घराला शाळेत काय विचारता येतं? कॅथलिक प्राथमिक शाळांचा इतिहास या प्रश्नाने वाचायला घेतला, की ‘कॅथलिक शाळा’ नावाची एकच एक गोष्ट नाही हे लगेच दिसतं.

पुस्तकांत सापडणारा नमुना बहुतेक वेळा अमेरिकेचा असतो, म्हणून तो आधी उरकून घेऊ. १८८४ साली बाल्टिमोरला तिथल्या बिशपांची परिषद झाली. प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांच्या आत धर्मग्रामाची शाळा उभी राहावी आणि कॅथलिक आईवडिलांनी मुलांना तिथेच घालावं, असं तिने ठरवलं. सरकारी पैसा जवळपास नाही. रविवारच्या दानातून आणि जत्रा-लॉटऱ्यांतून शाळा चालायच्या. १९६० च्या दशकाच्या मध्यात तिथल्या कॅथलिक शाळांत सुमारे ५२ लाख मुलं होती. नंतर संख्या घसरत गेली आणि फी वाढत गेली. कारणं अनेक आहेत, पण एक थेट हिशेबाचं आहे: शिकवणाऱ्या सिस्टर कमी झाल्या, त्यांच्या जागी पगारी शिक्षक आले. म्हणजे इतकी वर्षं शाळेला खरा टेकू कुटुंबांच्या दानाइतकाच सिस्टरांच्या जवळजवळ फुकट श्रमाचा होता. तो कुठल्याच जमाखर्चात लिहिलेला नव्हता. कुठल्याही शाळेचं कॅशबुक हातात आलं, की त्यात काय नोंदलेलं नाही हे आधी पाहा.

आता आपल्याकडे या. गोव्यात सोळाव्या शतकाच्या मध्यापासून चर्चला जोडून शाळा दिसतात. तिथला मेस्त मुलांना प्रार्थना, थोडं वाचन आणि मुख्य म्हणजे संगीत शिकवायचा. पुढे ब्रिटिशांच्या बँडपथकांत आणि मुंबईच्या सिनेसंगीतात जे गोमंतकीय वादक दिसतात, त्यांची वंशावळ या शाळांपर्यंत जाते. मेस्ताचा पगार यायचा चर्चच्या फंडातून किंवा गावकरीच्या, म्हणजे कोमुनिदादच्या, उत्पन्नातून. गावकरी ही सामाईक जमिनीची संस्था. शेतांच्या लिलावातून येणाऱ्या पैशातून गावाचे खर्च भागवायचे आणि उरलेलं वाटून घ्यायचं. मेस्ताचा पगार अशा खर्चात धरला, की तो सगळ्या भागीदारांच्या वाट्यातून जातो. त्यामुळे मेस्त नीट शिकवतो की नाही हे विचारायचा हक्क त्यांना कुणी वेगळा द्यायची गरज नव्हती.

पण इथे घाई करू नका. ‘गावाने चालवलेली शाळा’ असं वाक्य लिहायचा मोह होतो. गावकर म्हणजे गावातली सगळी माणसं नव्हेत. मूळ मानलेल्या घराण्यांचे पुरुष वंशज तेवढे गावकर. बायका नाहीत, त्यांच्या शेतात राबणारी कुटुंबंही नाहीत. तुमच्या प्रबंधात ‘समाजाचा सहभाग’ हे शब्द आले की गाइड समास सोडून विचारतील, कोणता समाज? उत्तर तयार ठेवा.

वसईत चित्र वेगळं आहे, आणि मराठीत काम करणाऱ्यांसाठी सगळ्यात जवळचं. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, पण ख्रिस्ती कुटुंबं आणि त्यांचे धर्मग्राम राहिले. घरात सामवेदी, म्हणजे कादोडी, किंवा वाडवळी बोली आणि शाळा मराठी. ‘कॅथलिक शाळा म्हणजे इंग्रजी’ हे समीकरण इथे मोडतं. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो शिकले ते नंदाखालच्या संत जोसेफ मराठी शाळेत. अशा शाळेचा मॅनेजर साधारणपणे त्या धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरूच. दर रविवारी तो सगळ्या पालकांना भेटतो. तक्रार करायला पत्र लागत नाही, मिस्सा संपल्यावर चर्चच्या दारात उभं राहिलं की झालं. पैसा येतो वर्गणी म्हणून, सणाच्या दानातून, किंवा अंगमेहनत म्हणून. त्याची दुसरी बाजूही आहे. ज्याच्या हातून मुलीचा बाप्तिस्मा झाला आणि उद्या लग्नही लागणार, त्याच्याशी शाळेच्या हिशेबावरून भांडायचं कसं? जवळीक असली की विचारता येतं, आणि कधीकधी जवळीक असते म्हणूनच विचारता येत नाही. मुलाखती घेताना दोन्ही ऐकू येईल, दोन्ही टिपून घ्या.

नगर जिल्ह्यात जर्मन जेझुइटांनी मिशन सुरू केली, तिथे तर वर्गणीचा प्रश्नच नव्हता. ख्रिस्ती झालेली बहुतेक कुटुंबं दलित आणि भूमिहीन. त्यांनी शाळेला काय दिलं? पोर दिलं. ढोरं राखणारा, लहान भावंडं सांभाळणारा, निंदणाला जाणारा हात बोर्डिंगमध्ये पाठवला. त्या बुडालेल्या मजुरीची पावती कुणी फाडत नाही, पण ‘कुटुंबांचा आधार’ मोजताना ती धरली नाही तर गरीब कुटुंब तुमच्या प्रबंधात फक्त ‘लाभार्थी’ म्हणून उरेल.

पैशाचं आणखी एक नाव आहे, कर. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना, त्यात मिशनच्याही आल्या, सरकारी अनुदानाची वाट मोकळी केली. अट अशी, की सरकार तपासेल ते धर्माव्यतिरिक्तचं शिक्षण. हे अनुदान येतं कुठून, हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी १८८२ ला हंटर आयोगापुढच्या निवेदनात नेमका पकडला. महसूल आणि लोकल फंडाचा पट्टी-कर भरतो शेतकरी, पण खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. तो प्राथमिक शाळांकडे वळवा. स्वतः फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले (ती प्रोटेस्टंट, कॅथलिक नव्हे, हा फरक प्रबंधात कधी विसरू नका). त्यांचा मुद्दा आपल्या कामाचा आहे: कुटुंब फी भरत नसलं तरी पैसे देत असतं, फक्त त्याच्या हातात पावती येत नाही.

आपल्याच प्रांतात याचा एक वेगळा प्रयोग झाला होता. १९३८-३९ ला मध्य प्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने, रविशंकर शुक्लांच्या पुढाकाराने, विद्यामंदिर योजना आणली. गावकऱ्यांनी जमीन दान द्यायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा आणि मास्तर चालवायचा. कॅथलिक नाही, पण गोव्याच्या मेस्ताशी जुळवून पाहा, रचना सारखीच वाटेल. गंमत म्हणजे वाद पेटला तो जमिनीवरून नाही, नावावरून. ‘मंदिर’ या शब्दाला मुस्लिमांनी हरकत घेतली. शाळेचं नाव म्हणजे नुसती पाटी नसते, हे सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

मग वऱ्हाडातल्या खऱ्या कॉन्व्हेंटचं काय? या भागात कॅथलिक मिशन आलं ते फ्रान्समधल्या अनेसीच्या संत फ्रान्सिस डी सेल्सच्या मिशनरींसोबत. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ चा, त्यातून अमरावतीचा वेगळा झाला १९५५ ला. अमरावतीचं होली क्रॉस, अकोल्याचं माउंट कार्मेल ही नावं तुम्हाला ठाऊकच आहेत. वसईशी फरक कुठे पडतो? इथे कॅथलिक कुटुंबं मूठभर, आणि वर्गात बसणारी मुलं बहुतेक हिंदू, बौद्ध, मुस्लिम घरांतली. रविवारी चर्चच्या दारात उभं राहायची सोय या पालकांना नाही. त्यांचं शाळेशी नातं फीच्या खिडकीवर सुरू होतं. शाळा धर्मग्रामाची, पण आधार धर्मग्रामाबाहेरचा. आणि या शाळांची नक्कल करून जी ‘कॉन्व्हेंट’ तालुक्या-तालुक्यात निघाली, त्यांनी टाय उचलला, इंग्रजी उचललं, फी उचलली. सिस्टरांचं अल्प मोबदल्यातलं श्रम उचलता येण्यासारखं नव्हतंच. त्या जागी गावातलीच एखादी बी.ए. झालेली ताई आली, किरकोळ पगारावर. अमेरिकेतली न लिहिलेली नोंद इथे पुन्हा सापडते, माणूस तेवढा बदललेला.

आता थोडा कायदा, कारण व्हायवाला इथेच अडकवतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम २१ शाळा व्यवस्थापन समिती सांगतं: किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. पण विनाअनुदानित शाळा या कलमातून वगळलेल्या आहेत. अल्पसंख्याक शाळांसाठी ही समिती २०१२ च्या दुरुस्तीने फक्त सल्ल्यापुरती उरली, आणि २०१४ च्या प्रमती निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागूच नाही असं म्हटलं. आधार संविधानाचं कलम ३०. म्हणजे बघा, जिल्हा परिषदेच्या शाळेत एक पैसा न भरणाऱ्या आईला कायद्याने समितीत बसायची जागा आहे, आणि गल्लीतल्या ‘कॉन्व्हेंट’मध्ये हजारो भरणाऱ्या आईला ती नाही. तिच्यासाठी महाराष्ट्राचा २०११ चा फी नियमन कायदा आहे. त्यात पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडायची असते. पण तिचं मुख्य काम फी मंजूर करणं. मास्तर कोण हवा, पुस्तकं कोणती, हे त्या चिठ्ठीत येत नाही.

अनुदानित कॅथलिक शाळेत आणखी एक गुंता असतो. सिस्टरचा सरकारी पगार तिच्या नावाने निघतो, पण दारिद्र्याचं व्रत घेतल्यामुळे तो जातो तिच्या संघाकडे. मग त्यावर टीडीएस कापायचा का? मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ ला ‘कापा’ म्हटलं, आणि नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धची अपिलं फेटाळली. कराच्या दृष्टीने सिस्टर आता एक पगारी शिक्षिका. जे श्रम पूर्वी हिशेबात दिसत नव्हते, ते निदान इथे तरी आकड्यात आले. या वादाची कागदपत्रं इतिहासाच्या विद्यार्थ्याने वाचायलाच हवीत.

कामाला कुठून लागायचं? शाळेच्या ऑफिसात दाखल-खारीज रजिस्टर असतं. जात पडताळणीसाठी लोक त्याच्या नकला काढत असतात, त्यामुळे बाबू लोक ते सहसा दाखवत नाहीत. विद्यापीठाचं पत्र न्या, आणि नावं प्रबंधात छापू नका, फक्त वडिलांच्या धंद्याचा रकाना वर्षावार उतरवा. कोणती कुटुंबं आली आणि कोणत्या साली यायची थांबली, हे तिथे कळतं. संस्थेचा ट्रस्ट १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात शेड्यूल वनचा उतारा आणि चेंज रिपोर्ट मिळतात. विश्वस्त कोण होते, कधी बदलले, ते त्यात आहे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका रद्दीत जायच्या आत गाठा. पहिली दहा पानं शुभेच्छांची असतात, ती सोडा. मागच्या पानांवर देणगीदारांची यादी आणि गावातल्या दुकानांच्या जाहिराती असतात.

आणि जुन्या पावत्या मागा. घरोघरी एखाद्या पत्र्याच्या पेटीत त्या सापडतात. कुठे ‘फी’ छापलेलं असेल, कुठे ‘इमारत निधी’, कुठे ‘ऐच्छिक देणगी’. ऐच्छिक देणगी लिहिलेली पावती हातात आली, की ज्या आजीने ती जपून ठेवली तिला एवढंच विचारा, ही दिली नसती तर चाललं असतं का? आणि मग रेकॉर्डर सुरू ठेवून गप्प बसा.