उलाळ

पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा इतिहास बहुधा कारखान्यांच्या सनावळीतून सांगितला जातो: टेल्को 1966, चाकणचा बजाज 1999, फोक्सवॅगन 2009. त्या सनावळीत बैलगाडीला जागा नसते. मागे जोडलेले वाहन का डोलते, हे मात्र आम्हांस तिच्यावरूनच अधिक नीट उमगते.

चाकणच्या बाजारात कांदा दोन चाकांच्या गाडीतून येई. पोती आसाच्या मागे सरकली की गाडी ‘उलाळ’ होई. धुरा वर उचलला जाई आणि जू बैलांच्या मानेवरून उठू पाही. पोती फार पुढे रचली, तर सारे ओझे मानेवर. म्हणून भार आसाच्या किंचित पुढे ठेवायचा. मोटारीमागच्या ट्रेलरलाही हेच लागू: एकूण वजनाचा सुमारे 10 ते 15 टक्के भार जोडावर हवा. तो कमी पडला, तर वेगात मागचा भाग आडवा डोलू लागतो आणि हेलकावे वाढत जातात. बैलांच्या चालीला हे अनुभव नव्हते. ‘उलाळ’ हा शब्दही उभ्या तोलापुरताच राहिला.

चाकणहून मोटारी नेणाऱ्या लांब ट्रेलरची गोष्ट निराळी. त्याचा पुढचा भार ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकांवर टेकतो. (त्या गाडीला चालक ‘घोडा’ म्हणतात; जनावर शब्दात तरी उरले.) तो डोलतो कमी, पण निसरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबल्यास चाकूसारखा मिटतो.

उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात, आणि पुढचीचा हेलकावा मागचीत मोठा होऊन उतरतो. अशा वेळी सुकाणू उलटसुलट फिरवू नये. ते सरळ धरून वेग आपोआप उतरू द्यावा. उलाळ गाडी बाजारतळावरच कळून येई. चुकीचा भरलेला ट्रेलर मात्र कमी वेगात निमूट चालतो, आणि उतारावर शेजारच्या दुचाकीस्वाराला ते प्रथम कळते.