कोणी कोणासाठी थांबायचे?

दशावतारी नाटकाला छापील संहिता नसते. कथानक ठरलेले, पात्रे ठरलेली. संभाषण मात्र उभ्या जागी रचायचे. त्यामुळे पदाची लांबीही आधी ठरत नाही. राजपार्टी नट एखाद्या शब्दावर रेंगाळतो, तान घेता घेता प्रेक्षकांकडे रोखून पाहतो, पुन्हा तोच शब्द उचलतो. पायपेटीवाला तोवर स्वर धरून असतो, पखवाजी हात आखडतो आणि झांजवाला त्या दोघांकडे बघतो. गाणारा समेकडे वळतो आहे हे त्याच्या श्वासावरूनच त्यांना कळते. सिंधुदुर्गातल्या डबल बारीच्या भजनातही हाच व्यवहार आहे. गजराची लय कधी चढवायची हे बुवा ठरवतो, पखवाज ती चढवतो. साथ या शब्दाचा अर्थच मुळी थांबू शकणारी सोबत असा आहे.

आज याच किनाऱ्यावर गणेशोत्सव जवळ आला की घराघरांत मालवणी गाणी आणि आरत्या मुद्रित होतात. संगणक, एक मायक्रोफोन, कानाला हेडफोन आणि कुठून तरी मिळवलेला तयार ट्रॅक. हा ट्रॅक कोणासाठीही थांबत नाही. गाणाऱ्याने त्याला गाठायचे असते. ही उलथापालथ यंत्राबरोबर एका दिवसात झाली, असे मानण्याकडे आपला कल असतो. इतिहास तसा नाही.

ग्रामोफोनने पहिली मर्यादा घातली ती गाण्याच्या एकूण लांबीवर. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावत. पण त्या मिनिटांच्या आत गायक आणि साथीदार एकाच खोलीत होते, एकमेकांना पाहत होते. घड्याळ बाहेर होते, लय अजून आत होती.

दुसरी पायरी बोलपटाची, आणि ती समजून घ्यायला याच मातीतला एक माणूस उपयोगी पडतो. वसंत देसाई यांचा जन्म १९१२चा, कुडाळ तालुक्यातल्या सोनवडे गावचा. तेव्हा हा मुलूख सावंतवाडी संस्थानात होता. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीत ते अगदी तरुणपणी दाखल झाले आणि ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटात गायलेही. त्या काळी गाणे आणि चित्रीकरण एकाच वेळी होई. नट कॅमेऱ्यासमोर, साथीदार चौकटीबाहेर दडलेले. पण कान एकमेकांकडे लागलेले. दशावताराची व्यवस्थाच जणू मायक्रोफोनखाली आली होती. पुढे कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूप छाँव’साठी (१९३५) गाणे आधी मुद्रित करून मग त्यावर चित्रीकरण केले, आणि ही रीत देशभर रुळली. वसंत देसाईंची संगीतकार म्हणून ख्याती याच नव्या रीतीत झाली. मात्र या टप्प्यावर ताटकळले ते नटाचे ओठ. पार्श्वगायक आणि वाद्यवृंद अजूनही एकत्रच मुद्रण करीत होते.

गायकाला साथीपासून तोडले ते बहुपदरी ध्वनिफितीने. वाद्ये एका दिवशी, आवाज दुसऱ्या दिवशी. येथे कराओकेची जन्मकथा आठवावी. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए हा वादक रात्रीच्या क्लबांत हौशी ग्राहकांना साथ करी, आणि ग्राहक कसाही गायला तरी त्याला सांभाळून घेण्यात त्याची हातोटी होती. एका ग्राहकाला सहलीला नेण्यासाठी तो हवा होता. स्वतः जाता येईना म्हणून त्याने साथ मुद्रित करून दिली. त्यातून १९७१ साली त्याचे यंत्र निघाले. म्हणजे मूळ ट्रॅक हा एका विशिष्ट माणसाच्या गाण्यासाठी केलेला होता! पुढचे सारे ट्रॅक कोणा एकासाठी नसतात. खरी अडचण तीच आहे.

घरच्या मुद्रणात तिच्यात आणखी एका अंतराची भर पडते. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दोन मीटरवर बसलेल्या पखवाजीची थाप गायकाला सहा मिलिसेकंदांनी पोचते आणि कोणाचे काही बिघडत नाही. संगणक मात्र ध्वनी साठवून साठवून पुढे देतो. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १,०२४ नमुन्यांचा साठा धरला तर एका साठ्यालाच २३ मिलिसेकंद लागतात. पखवाजी आठ मीटर लांब जाऊन बसला. बिनतारी हेडफोनचा विलंब २०० मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकतो. तेव्हा तो थेट देवळाच्या आवाराबाहेर गेला म्हणायचा. तारेचा हेडफोन वापरणे आणि साठा लहान ठेवणे हे दोन उपाय पुरेसे आहेत. उरलेली तफावत आवाजाची पट्टी मागेपुढे सरकवून काढता येते.

पण सरकवायची कोठवर? पडद्यावर आवाजाची आकृती दिसते, आणि डोळा तिची सुरुवात ठोक्याच्या रेघेवर नेऊन ठेवतो. ‘श्री’ म्हणताना ‘श’चा सळसळाट स्वराच्या आधी सुरू होतो, गाणारा तो समेच्या किंचित आधीच उच्चारतो, म्हणजे ‘ई’ समेवर पडते. डोळ्याने जुळवलेली ‘श्री’ म्हणून कानाला उशिरा आल्यासारखी वाटते. ‘गणपती’च्या ‘ग’ला हे इतके जाणवत नाही. याहून गंभीर प्रकार म्हणजे जाणूनबुजून मागे ठेवलेला शब्द. भजनातला बुवा समेच्या मागे रेंगाळतो तो चुकून नव्हे. ती त्याची विनवणी असते. यंत्राने तो शब्द रेघेवर ओढला की विनवणीची घोषणा होते. अशा ‘दुरुस्त’ आरत्या ऐकून वाढलेल्या कानाला रेंगाळणे हीच चूक वाटू लागेल, ही भीती मला अतिशयोक्त वाटत नाही.

उलटा क्रमही शक्य आहे. आधी केवळ तंबोऱ्याच्या स्वरावर आवाज मुद्रित करावा, हवा तेवढा वेळ घेऊन. मग तो पखवाजीच्या कानात द्यावा आणि त्याला वाजवू द्यावे. पहिल्या खेपेला तो चाचपडतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला गाणाऱ्याचा श्वास ओळखू लागतो. गायक तेथे नसतो, तरी पखवाजी त्याच्यासाठी थांबतो.