एकाच झुडपाचे चहा

काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातील एक धर्मभगिनी दार्जिलिंगहून सुट्टीवर आल्या आणि त्यांनी आमच्या हाती चहाची एक लहानशी पुडी ठेवली. घरात नेहमीप्रमाणे आधण चढले. आले ठेचले, अंगणातील गवती चहाची पात टाकली, पुडीतील पाने घातली, दूध ओतले आणि सारे खदखदा उकळले. कप ओठाला लावला तर चहाला ना रंग, ना स्वाद. ‘एवढ्या मोठ्या नावाचा चहा तो हाच का?’ असे आम्ही विचारले. सिस्टर नुसत्या हसल्या. दोष पुडीचा नव्हता, हे कळायला आम्हांला चहाचा इतिहास चाळावा लागला.

चहाच्या जाती दुकानात कितीही दिसोत, झुडूप एकच. त्याचा बारीक पानांचा एक वाण चीनमधला, रुंद पानांचा दुसरा आसामातला. बाकी सारा फरक पान खुडल्यानंतर माणसाचे हात काय करतात याचा. पान चुरगळले की त्याच्या रसाचा हवेशी संयोग होतो आणि ते तांबूस होऊ लागते. खुडल्याबरोबर आच देऊन ही क्रिया थांबवली तर हिरवा चहा, ती पुरती होऊ दिली तर काळा, अर्ध्यावर थांबवली तर ऊलाँग. कोवळ्या कळ्या न चुरगळता नुसत्या सुकवल्या तर पांढरा. (आपला गवती चहा या कुळातला नव्हेच; ते एक सुगंधी गवत.)

ही साधी गोष्ट युरोपला उमगायला जवळजवळ तीनशे वर्षे लागली. गास्पार द क्रूझ हे पोर्तुगीज डॉमिनिकन धर्मगुरू 1548 साली गोव्यात उतरले आणि पुढे 1556 मध्ये चीनमधील कँटन शहरी पोहोचले. तेथे घरी आलेल्या पाहुण्याला एक कोमट, लालसर, किंचित कडसर आणि औषधी पेय देतात व त्याला ‘चा’ म्हणतात, असे त्यांनी आपल्या ग्रंथात नोंदवले. तो ग्रंथ 1570 च्या सुमारास एव्होरा येथे छापला गेला. आमच्या आजीच्या तोंडीही शब्द होता तो ‘चा’च.

त्या काळी चीनमध्ये सुटी पाने गरम पाण्यात घालून चहा करीत. दाबून केलेल्या वड्यांचा राजखंडणीचा चहा मिंग सम्राट होंगवू याने 1391 मध्ये बंद केला होता. जपानने मात्र जुनी रीत सोडली नाही. तेथे हिरव्या पानांची बारीक पूड पाण्यात घुसळून पीत आणि त्या साध्या कृतीला एका विधीचे गांभीर्य होते. येशूसंघाचे पाहणी-अधिकारी फादर व्हालिन्यानो 1579 साली जपानला गेले, तेव्हा त्यांनी हे ओळखले आणि संघाच्या प्रत्येक घरात चहासाठी एक स्वच्छ जागा राखावी, असा दंडक घातला. पुढे फादर जुवाँव रॉद्रिगीश यांनी उजी गावच्या मळ्यांचे बारकाईने वर्णन लिहून ठेवले. तेथे उत्तम चहाच्या झुडपांवर आच्छादन घालून ऊन अडवीत. त्याने पान गडद हिरवे होते आणि कडवटपणा कमी होतो.

याच जपानात आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया वावरले. जपानी भाषा त्यांना अवगत होती, म्हणून 1593 मध्ये हिदेयोशीच्या दरबारी ते दुभाषे होते. हा हिदेयोशी चहाचा मोठा शौकीन. 1587 साली त्याने क्योटोजवळ कितानो येथे लहानथोर सर्वांना बोलावून चहाचा प्रचंड मेळावा भरवला होता. त्याच्याच हुकमाने 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे गोन्सालो आणि त्यांचे पंचवीस साथी क्रुसावर गेले. उत्तम चहा ओळखणारी जीभ आणि असा हुकूम देणारी जीभ एकच असू शकते, याचे आम्हांला नेहमी नवल वाटते.

युरोपात चहा रुळला तो हळूहळू. मुंबई जिच्या आंदणात गेली त्या कॅथरीन राणीने 1662 नंतर तो इंग्रजांच्या दरबारात प्रतिष्ठित केला. तरीही हिरवा व काळा चहा ही दोन वेगळी झुडपे, असेच विद्वान मानीत. थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनेही 1762 मध्ये त्यांना दोन निरनिराळी नावे दिली. 1840 च्या दशकात रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश माळ्याने चीनच्या अंतर्भागात जाऊन पाहिले तेव्हा झुडूप एकच निघाले. एका कारखान्यात त्याला आणखी एक दृश्य दिसले. परदेशी गिऱ्हाइकाला चहा हिरवागार हवा, म्हणून कामगार पानांना निळा रंग आणि जिप्सम चोळत होते. त्यांचे हात निळे झाले होते. डोळ्यांनी चहा निवडणाऱ्यांनी हे हात आठवावेत.

आसामचा चहा 1839 साली लंडनच्या लिलावात विकला गेला आणि मळे वाढले. त्यांवर राबायला छोटा नागपूरकडील आदिवासी करारात बांधून नेले गेले. त्यांच्या वंशजांत आज पुष्कळ कुटुंबे कॅथलिक आहेत. आपल्या घरात मात्र चहा आला तो प्रचाराने. 1903 च्या कायद्याने चहावर उपकर बसला व त्या पैशातून जाहिराती झाल्या. 1933 मध्ये निर्यातीवर आंतरराष्ट्रीय मर्यादा आली तेव्हा मळेवाले देशी गिऱ्हाइकाकडे अधिकच वळले. घरोघरी चहा करून दाखवणारी माणसे फिरली. दूध-मसाल्याची आपली रीत त्यांना पसंत नव्हती, कारण तिने पाने कमी लागत. गृहिणींनी त्यांचे ऐकले नाही, हे उत्तम झाले!

1930 च्या सुमारास आसामात पान चिरडून, फाडून, गोळी वळणारे यंत्र निघाले. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या चहाला सीटीसी म्हणतात. आपला वाणी त्यालाच ‘ममरी’ म्हणतो. थोड्या दाण्यांत गडद रंग, जास्त कप आणि दुधापुढे न दबणारी चव! आपल्या आधणाला हाच योग्य, त्यात कमीपणा नाही. दार्जिलिंगच्या पानाला मात्र उकळी सोसत नाही. मार्च-एप्रिलची पहिली खुडणी फिकट व फुलासारख्या वासाची, मे-जूनची दुसरी अधिक भरदार. दोन्ही झाकून तीन-चार मिनिटे मुरवावीत, दूध न घालता. हिरव्या चहाला तर उकळलेले पाणी थोडे निववून घ्यावे. विकत घेताना पुडी फोडून वास घ्यावा. वास उडालेला चहा कोणत्याही नावाचा असो, घेऊ नये.

पुडीत उरलेली पाने आम्ही या रीतीने केली. सोनेरी पाणी उतरले, सुगंध दरवळला. आमच्या मातोश्रींनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, ‘कडसर आहे रे, औषधासारखा.’ फादर द क्रूझ यांनीही याहून वेगळे लिहिले नव्हते. मग त्यांनी आपले नेहमीचे आधण चढवायला सांगितले.