बुश्टनचे ऋण

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा उगम शोधू जाता वाट वसईला नव्हे, तर इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील बुश्टन या लहानशा गावी पोहोचते. 'क्रिस्तपुराण'कार फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म तेथे १५४९ च्या सुमारास झाला.

आम्ही त्या परिसरात फिरलो. दक्षिणेस खडूच्या टेकड्यांची उभी भिंत, उत्तरेस चिकणमातीची ओली कुरणे. वर मेंढरे, खाली दुभती गुरे, असा या मुलुखाचा पूर्वापार व्यवहार. बुश्टन ज्या धर्मग्रामात मोडते, त्या क्लिफ पायपर्डचे संत पेत्राचे मंदिर टेकडीच्या पायथ्याशी आहे. आज तेथे अँग्लिकन उपासना चालते.

ही शांतता थॉमस यांच्या बालपणी नव्हती. १५४९ मध्येच राजाज्ञेने लॅटिन मिस्सा बंद होऊन इंग्रजी प्रार्थनाग्रंथ सक्तीचा झाला. १५५३ मध्ये राणी मेरीच्या काळात लॅटिन परतली. १५५९ मध्ये ती पुन्हा हद्दपार झाली. मूल दहा वर्षांचे होईतो वेदीवरील भाषा तीनदा पालटली!

पुढे थॉमस पाउंड या कॅथलिक मित्रासवे त्याच्या चाकराच्या वेषात ते हिंडले. पाउंड पकडले गेले व सुमारे तीस वर्षे तुरुंगात राहिले. स्टीफन्स रोमला पोहोचून १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन सोडून २४ ऑक्टोबरला ते गोव्यास उतरले. प्रवासातील वारे, मासे, हिरड्या सुजवणारा रोग यांचे वर्णन त्यांनी वडिलांना लिहून धाडले. १५८५ च्या कायद्याने येशूसंघीय धर्मगुरूचे इंग्लंडातील वास्तव्य राजद्रोह ठरले. घरची वाट मिटली.

राजाज्ञेने लादलेली भाषा पाहिलेल्या या पुरुषाने सासष्टीत उलट मार्ग धरला. तो लोकांची भाषा शिकला आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांत तारणकथा गायिली. १६१६ मध्ये राशोलला तो ग्रंथ छापला गेला. १६१९ मध्ये कवी निवर्तला. १६८४ मध्ये मात्र पोर्तुगीज सत्तेने गोवेकरांना तीन वर्षांत स्वभाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला.

वाचकहो, ग्रंथाची देवनागरी हस्तलिखित प्रत आज लंडनमध्ये जपलेली आहे. ओव्या मात्र आपल्या आहेत. आपल्या किती घरांत त्या वाचल्या जातात, हे ज्याने त्याने स्वतःलाच विचारावे.