मका आला, चुना मागे राहिला

आमच्या जबलपूरच्या मराठी घरात टॉर्टिया चिप्स तळून वर मेतकूट भुरभुरतात. नुसत्या मक्याच्या पिठाची पोळी लाटताना तुटते, म्हणून थोडा मैदा घालतो. मेक्सिकोत तो लागत नाही. तिथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर ठेवून, धुऊन वाटतात. पीठ चिकटून येतं आणि मक्यातलं नायसिन अंगी लागतं. 1492 नंतर युरोपानं मका नेला, ही रीत नेली नाही. मक्यावरच जगणाऱ्या इटलीतल्या गरिबांना पेलाग्रानं गाठलं. कातडी सोलवटायची, कुणाला वेड लागायचं. आपल्याकडेही मका आला तो चुन्याविनाच. आणि गंमत बघा, आमच्या शेजारचं कटनी चुन्यासाठीच प्रसिद्ध! तो भिंतींना गेला, पानाला लागला. मक्याच्या पातेल्यात काही पडला नाही.